अमेरिकन रिव्हॉल्व्हर : इतिहास, निर्माते व संग्रह

एकाच नळीच्या मागे अनेक कप्प्यांचा फिरता दंडगोल बसवून, दर बाराला नव्याने दारू व गोळी न भरता एकामागून एक बार काढता येतील अशी योजना असलेले आखूड नळीचे हातशस्त्र म्हणजे रिव्हॉल्व्हर होय. दंडगोलातील प्रत्येक कप्पा क्रमाने नळीच्या रेषेत येतो, तेथे तो पक्का अडकविला जातो व घोड्याच्या आघाताने त्यातील दारू पेटते. या कल्पनेचा उगम अमेरिकेतील नाही. परंतु तिला यंत्रनिर्मित, स्वस्त व भरवशाच्या वस्तूचे रूप अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८३६ ते १८७३ या सुमारे चार दशकांत मिळाले. या काळातील रिव्हॉल्व्हरे आज तंत्रविद्येच्या इतिहासाची साधने व संग्राहकांच्या चढाओढीची वस्तू अशा दुहेरी नात्याने महत्त्वाची ठरली आहेत. अमेरिकेच्या १९६८ च्या शस्त्रनियंत्रण अधिनियमानुसार १८९८ मध्ये किंवा त्यापूर्वी तयार झालेले अग्निशस्त्र सामान्यतः ‘पुरातन’ समजले जाते. संग्राहकही बहुधा हीच मर्यादा मानतात.

पूर्वपीठिका : फिरत्या दंडगोलाच्या तोड्याच्या व पुढे चकमकीच्या बंदुका युरोपात सोळाव्या शतकापासून आढळतात, अशा तोड्याच्या बंदुका हिंदुस्थानातही होत्या. त्यांत दोन अडचणी असत. दंडगोल हाताने फिरवून कप्पा नळीच्या रेषेत आणावा लागे आणि प्रत्येक बारासाठी कानात नव्याने रंजक घालावी लागे. बॉस्टनचा एलिशा कॉलियर याने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये एकस्व (पेटंट) घेऊन चकमकीचे फिरते शस्त्र तयार केले. त्याच वर्षी आर्टेमस व्हीलर यालाही तशाच रचनेचे एकस्व अमेरिकेत मिळाले होते. कॉलियरच्या शस्त्रात रंजक आपोआप पडण्याची सोय होती. पण ते गुंतागुंतीचे व महाग असल्याने त्याचा प्रसार मर्यादित राहिला.

ही कोंडी आघाताने पेटणाऱ्या स्फोटक मिश्रणाने फोडली. स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्साइथ याने १८०७ मध्ये अशा मिश्रणाच्या उपयोगाचे एकस्व घेतले व १८२० नंतरच्या दशकात तांब्याची छोटी टोपी प्रचारात आली. कप्प्याच्या मागील बोंडीवर ही टोपी बसविली की, कप्पा कोणत्याही बाजूस फिरला तरी रंजक सांडण्याचा प्रश्न उरत नसे. ईथन ॲलन याने १८३० नंतरच्या दशकात बाजारात आणलेल्या ‘पेपरबॉक्स’ पिस्तुलात अनेक नळ्यांचा जुडगाच फिरत असे. ते स्वस्त व लोकप्रिय होते. मात्र त्याचे वजन पुढच्या बाजूस जास्त पडे व नेम धरणे कठीण जाई.

कोल्ट व त्याचा दावा : सॅम्युएल कोल्ट (१८१४–६२) हा कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्डचा. १८३० मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी तो ‘कॉर्व्हो’ या जहाजावर बॉस्टनहून कलकत्त्याच्या सफरीस निघाला. या प्रवासात जहाजावरील फिरत्या यंत्रणेचे निरीक्षण करून आपण रिव्हॉल्व्हरचा लाकडी नमुना कोरला, असे त्याने पुढे सांगितले. कॉलियरची शस्त्रे या काळात हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्यात वापरली जात असल्याने ती कलकत्त्यात कोल्टच्या पाहण्यात आली असावीत, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. कोल्टने मात्र कॉलियरच्या कामाची माहिती आपणास नंतर झाली असे प्रतिपादन केले. या वादाचा निर्णय देणारा पुरावा उपलब्ध नाही. कोल्टचे निर्विवाद कर्तृत्व यापुढचे आहे. घोडा मागे ओढण्याच्या एकाच क्रियेने दंडगोल फिरावा, कप्पा नळीच्या रेषेत येताच पक्का अडकावा आणि शेजारच्या बोंड्यांमध्ये आड भिंती असल्याने एका टोपीच्या ठिणगीने दुसरी पेटू नये, ही संयुक्त रचना त्याने ऑक्टोबर १८३५ मध्ये इंग्लंडमध्ये व २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेत एकस्वाने सुरक्षित केली.

प्रारंभीचे नमुने कोल्टने स्वतःच्या हाताने घडविले नव्हते. हार्टफर्डचा ॲन्सन चेस व बॉल्टिमोरचा जॉन पीअर्सन या कारागिरांनी ते घडविले. मजुरी थकल्याबद्दल पीअर्सनने कोल्टकडे वारंवार तक्रार केल्याचे त्यांच्या पत्रव्यवहारावरून दिसते. त्यासाठी लागणारा पैसा कोल्टने ‘डॉ. कोल्ट’ हे नाव धारण करून गावोगाव हास्यवायूचे प्रयोग दाखवून मिळविला. रिव्हॉल्व्हरच्या इतिहासात एका नावाखाली अनेकांचे श्रम झाकले गेले, त्याचा आरंभ असा प्रथमपासूनच झाला होता.

पॅटर्सन ते वॉकर : न्यू जर्सीतील पॅटर्सन येथे १८३६ मध्ये कोल्टचा पहिला कारखाना निघाला. तेथील पाचबारी रिव्हॉल्व्हरचा चाप एरवी चौकटीत दडलेला असे व घोडा ओढल्यावरच तो खाली येई. लष्करी खात्याने या नाजूक शस्त्राबद्दल फारसा उत्साह दाखविला नाही आणि १८४२ मध्ये कंपनी बुडाली. तथापि टेक्सस प्रजासत्ताकाने घेतलेली काही शस्त्रे जॉन कॉफी हेज याच्या घोडेस्वार दलाच्या हाती आली होती. १८४४ मधील वॉकर्स क्रीकच्या चकमकीत या दलाने कोमांची योद्ध्यांशी घोड्यावरून लढत दिली. एकबारी बंदूक भरण्यास लागणाऱ्या वेळात कोमांची स्वार अनेक बाण सोडू शके. ही त्याची सरशी रिव्हॉल्व्हरने संपुष्टात आणली. अमेरिकन सरहद्दीच्या दृष्टीने जो विजय, तोच मूळ रहिवाशांच्या दृष्टीने भूमी गमावण्याच्या दीर्घ प्रक्रियेतील एक टप्पा होता.

त्या चकमकीत लढलेला सॅम्युएल वॉकर १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकन लष्करात कॅप्टन झाला आणि त्याच्या सूचनांनुसार कोल्टने अधिक बळकट शस्त्र आखले. ०·४४ इंच व्यासाचे, सहा बारांचे, सु. २ किग्रॅ. वजनाचे हे ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हर होय. सरकारने १,००० नग मागविले. कोल्टकडे कारखाना नसल्याने ते कनेक्टिकटमधील व्हिटनीव्हिल येथे धाकट्या एली व्हिटनीच्या कारखान्यात १८४७ मध्ये तयार झाले. विक्रीसाठी व भेटींसाठी आणखी १०० नग करण्यात आले. दारूचे प्रमाण मोठे असल्याने काही दंडगोल फुटले, अनेक नग युद्धात व त्यानंतर नष्ट झाले. वॉकर स्वतः त्याच वर्षी ९ ऑक्टोबर रोजी मेक्सिकोतील वामान्त्ला येथे मारला गेला.

यंत्रनिर्मिती व परदेशी बाजार : वॉकरच्या मागणीने सावरलेल्या कोल्टने हार्टफर्ड येथे स्वतःचा कारखाना काढला आणि १८५५ मध्ये तो नव्या भव्य वास्तूत नेला. एलिशा रूट या कुशल यंत्रज्ञाच्या देखरेखीखाली तेथे घडाई, छिद्रण व कातकाम यांसाठी खास यंत्रे उभारण्यात आली. यंत्राने एकसारखे सुटे भाग काढण्याची ही पद्धती सरकारी शस्त्रशाळांत व न्यू इंग्लंडमधील कारखान्यांत आधीपासून विकसित होत होती; कोल्टने तिला व्यापारी यश मिळवून दिले. तथापि अखेरची जुळणी करताना कानशीने बरेच हातकाम करावे लागे. जुळणाऱ्या भागांवर एकच क्रमांक ठोकण्याची पद्धत त्यामुळे रूढ झाली व तीच आज संग्राहकाच्या परीक्षेचा मुख्य आधार ठरली आहे.

१८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात कोल्टची शस्त्रे गाजली. त्याच वर्षी त्याने तेथील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे फिरत्या शस्त्रांवर निबंध वाचला व १८५३ मध्ये लंडनमध्ये कारखाना सुरू केला. ब्रिटिश संसदेच्या १८५४ मधील शस्त्रविषयक समितीपुढे त्याची साक्ष झाली. जेम्स नॅस्मिथ या अभियंत्यानेही या कारखान्यातील यंत्रपद्धतीची प्रशंसा केली. क्रिमियन युद्धासाठी ब्रिटिश सरकारने कोल्टकडून वीस हजारांहून अधिक रिव्हॉल्व्हरे घेतली. मात्र रॉबर्ट ॲडम्सच्या इंग्लिश रिव्हॉल्व्हरशी स्पर्धा तीव्र होऊन लंडनचा कारखाना काही वर्षांतच बंद पडला. हिंदुस्थानातील १८५७ च्या उठावात ब्रिटिश अधिकाऱ्यांजवळ कोल्ट व ॲडम्स अशी दोन्ही बनावटींची शस्त्रे होती. ती बहुधा त्यांनी स्वखर्चाने घेतलेली असत.

या काळातील कोल्टचे प्रमुख नमुने म्हणजे १८४८ चे ड्रॅगून, १८४९ चे खिशात मावणारे ‘पॉकेट’, १८५१ चे ०·३६ इंची ‘नेव्ही’ आणि १८६० चे ०·४४ इंची ‘आर्मी’. यांपैकी पॉकेट नमुन्याचे तीन लाखांहून अधिक, तर हार्टफर्ड येथील नेव्हीचे दोन लाखांहून अधिक नग तयार झाले. यावरून रिव्हॉल्व्हरचा खरा ग्राहक सैनिकाइतकाच सामान्य नागरिकही होता, हे दिसून येते.

एकस्वांची कोंडी : न्यायालयीन लढाया हा या इतिहासाचा अविभाज्य भाग आहे. मॅसॅचूसेट्स आर्म्स कंपनीविरुद्धचा दावा कोल्टने १८५१ मध्ये जिंकला व मुदतवाढ मिळालेले त्याचे एकस्व १८५७ पर्यंत टिकले. ते संपताच अनेक निर्माते पुढे आले. परंतु त्याच सुमारास दुसरी मक्तेदारी उभी राहिली. रॉलिन व्हाइट याने ३ एप्रिल १८५५ रोजी मिळविलेल्या एकस्वात दंडगोलाचे कप्पे आरपार पाडण्याची कल्पना अंतर्भूत होती. व्हाइटचे शस्त्र व्यवहारात निरुपयोगी होते. पण धातूचे काडतूस मागून भरावयाचे तर आरपार कप्प्यांवाचून गत्यंतर नव्हते. हे हेरून होरेस स्मिथ (१८०८–९३) व डॅनियल वेसन (१८२५–१९०६) यांनी दर नगामागे २५ सेंट देण्याच्या करारावर त्या एकस्वाचा हक्क घेतला. उल्लंघन करणाऱ्यांविरुद्ध खटले चालविण्याची जबाबदारी मात्र व्हाइटवरच राहिली.

स्मिथ व वेसन यांनी मॅसॅचूसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे १८५७ मध्ये सात बारांचे ०·२२ इंची ‘क्रमांक १’ रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. दारू, गोळी व टोपी एकत्र असलेले त्याचे काडतूस ओलाव्यातही निकामी होत नसे. यादवी युद्धात हजारो सैनिकांनी या कंपनीची छोटी शस्त्रे स्वतःच्या पैशाने घेतली. इतर निर्मात्यांना मात्र १८६९ पर्यंत पुढून भरावयाच्या टोपीच्या शस्त्रांवरच थांबावे लागले किंवा एकस्व चुकविणाऱ्या विचित्र रचना शोधाव्या लागल्या. खटल्यांच्या खर्चाने गांजलेल्या व्हाइटने मुदतवाढीसाठी काँग्रेसकडून विधेयक संमत करून घेतले. परंतु युद्धकाळात या एकस्वामुळे सरकारची अडचण झाली होती, या शस्त्रास्त्र खात्याच्या आक्षेपाचा आधार घेऊन राष्ट्राध्यक्ष ग्रँट याने जानेवारी १८७० मध्ये ते नाकारले.

यादवी युद्धातील निर्माते : यादवी युद्धाने (१८६१–६५) रिव्हॉल्व्हरची मागणी एकदम वाढविली. संघराज्याच्या सरकारने कोल्टची १८६० ची सु. १ लाख ३० हजार, तर रेमिंग्टनची सु. सव्वा लाख शस्त्रे विकत घेतली. न्यूयॉर्क राज्यातील इलियन येथील रेमिंग्टन कंपनीने फोर्डाइस बील्सच्या १८५८ च्या एकस्वावर आधारलेले शस्त्र काढले. कोल्टच्या शस्त्रात दंडगोलावरची बाजू मोकळी असे, तर रेमिंग्टनमध्ये तीवरून लोखंडी पट्टी जाऊन चौकट अखंड होई. त्यामुळे ते अधिक मजबूत असे. फेब्रुवारी १८६४ मध्ये कोल्टच्या हार्टफर्ड कारखान्यास मोठी आग लागल्यावर रेमिंग्टनचे महत्त्व आणखी वाढले. स्टार, व्हिटनी व सॅव्हेज हे इतर पुरवठादार होत. रॉजर्स अँड स्पेन्सर कंपनीची ५,००० शस्त्रे युद्ध संपता संपता पोहोचली, न वापरताच कोठारात पडून राहिली व १९०१ मध्ये शिल्लक माल म्हणून विकली गेली. म्हणूनच ती आज नव्यासारख्या स्थितीत आढळतात.

दक्षिणेकडील राज्यांपाशी पोलाद, यंत्रे व कुशल कामगार यांची वाण होती. जॉर्जियातील ग्रिझवल्डव्हिल येथे ग्रिझवल्ड अँड गनिसन कंपनीने कोल्ट नेव्हीच्या धर्तीवर पितळी चौकटीची साडेतीन हजारांहून थोडी अधिक रिव्हॉल्व्हरे केली. तेथील बहुतेक कामगार गुलाम होते. गुलामगिरी टिकविण्यासाठी लढणाऱ्या सैन्याची शस्त्रे गुलामांनीच घडवावीत, हा या संग्राह्य वस्तूंमागचा कटू इतिहास आहे. नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या फौजांनी हा कारखाना नष्ट केला. न्यू ऑर्लीन्सचा झां अलेक्झांडर लमाट याच्या शस्त्रात नऊ कप्प्यांच्या दंडगोलाच्या मध्यभागी छर्ऱ्यांची वेगळी नळी असे; त्याचे उत्पादन मुख्यतः पॅरिसमध्ये होऊन माल नाकेबंदी चुकवून दक्षिणेत येई.

काडतुसांचे युग : व्हाइटचे एकस्व संपत आले तसे जुन्या टोपीच्या शस्त्रांचे काडतुसांसाठी रूपांतर करण्यास सर्वत्र प्रारंभ झाला. स्मिथ अँड वेसनने १८७० मध्ये ‘क्रमांक ३’ हे मधोमध मोडणारे शस्त्र आणले. ते उघडताच रिकामी काडतुसे एकदम बाहेर फेकली जात. रशियन सरकारने त्याचे लाखाहून अधिक नग घेतले. कोल्टने १८७३ मध्ये ०·४५ इंची ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ काढले व अमेरिकन घोडदळाने ते स्वीकारले. याचे पहिले उत्पादन दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालून साडेतीन लाखांहून अधिक नग झाले. १८८९ मध्ये कोल्टने दंडगोल बाजूस उघडणारी रचना लष्करी रिव्हॉल्व्हरात आणली. या टप्प्यावर आधुनिक रिव्हॉल्व्हरचे स्वरूप जवळजवळ निश्चित झाले.

संग्रह व परीक्षा : कोल्टची विधवा एलिझाबेथ हिने पतीचा शस्त्रसंग्रह जतन केला व १९०५ मध्ये तो मृत्युपत्राने हार्टफर्डच्या वॉड्‌स्वर्थ अथीनियम संग्रहालयास दिला. कारखान्याचा स्वतःचा संग्रह १९५७ मध्ये कनेक्टिकट राज्य ग्रंथालयाकडे गेला. वायोमिंगमधील कोडी येथील अग्निशस्त्र संग्रहालय, वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था व न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय येथेही उत्तम नमुने आहेत. सुलतान, झार व सेनापतींना भेट देण्यासाठी कोल्टने केलेली सोन्याच्या जडावाची शस्त्रे कलाकुसर व व्यापारनीती या दोन्ही दृष्टींनी अभ्यसनीय आहेत. साध्या नगांच्या दंडगोलांवरही नोटांचा उत्कीर्णक वॉटरमन ऑर्म्सबी याने तयार केलेली चित्रे रुळाने उमटविलेली असत. वॉकर व ड्रॅगूनवर कोमांचींशी लढत, नेव्हीवर १८४३ मधील कांपेचेचे सागरी युद्ध आणि पॉकेटवर प्रवासी गाडीवरील दरोडा अशी ही दृश्ये होत. ती इतिहासाची चित्रे नसून निर्मात्याच्या जाहिराती आहेत, हे ध्यानात घ्यावे लागते.

नगाचे मूल्य दुर्मिळता, सर्व भागांवरील क्रमांकांचा मेळ, मूळ झिलईचे शिल्लक प्रमाण, लष्करी निरीक्षकाच्या मुद्रा व मालकीची परंपरा यांवर ठरते. मूळ निळसर झिलई पुसट झाली तरी ती कायम असणे महत्त्वाचे असते. गंज काढण्याच्या भरात घासून लख्ख केलेले किंवा पुन्हा झिलई दिलेले शस्त्र बाजारात उतरते. कारण कडा व अक्षरे यांबरोबर त्यावरील पुरावाही नाहीसा होतो. वॉकर नगांवरील ‘ए’ ते ‘ई’ या तुकड्यांच्या खुणा याचे उत्तम उदाहरण होत. त्या पुसल्या गेल्या तर शस्त्र कोणत्या तुकडीस दिले होते हे सांगता येत नाही.

किंमती वाढल्या तशा बनावटीही वाढल्या. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती निघू लागल्या. त्या हौशी नेमबाजांसाठी असल्या, तरी त्यांवरील इटालियन परीक्षणमुद्रा घासून काढून, आम्लाने गंज चढवून त्या जुन्या म्हणून खपविण्याचे प्रकार होतात. पितळी चौकटीच्या दक्षिणी शस्त्रांबाबत हा धोका विशेष आहे. कारखान्यांच्या पाठवणी-नोंदवह्या ही यावरची महत्त्वाची कसोटी होय. परंतु कोल्टच्या पूर्वकालीन नोंदींत बरीच तूट आहे. शिवाय नोंदवही शस्त्र कोठे पाठविले हे सांगते, ते कोणी व कोणावर वापरले हे सांगत नाही.

प्रसिद्ध व्यक्तीशी जोडलेल्या नगांच्या बाबतीत ही उणीव निर्णायक ठरते. शेरिफ पॅट गॅरेट याने १८८१ मध्ये ‘बिली द किड’ या गुन्हेगारास ज्या कोल्टने मारले, त्यास २०२१ मधील लिलावात ६० लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. बनावटीच्या दृष्टीने ते लक्षावधींपैकी एक शस्त्र होते. ही किंमत त्याच्या सिद्ध झालेल्या परंपरेची होती. याउलट लिटल बिगहॉर्नच्या लढाईशी (२५ जून १८७६) केवळ अनुक्रमांक व निरीक्षकाची मुद्रा यांवरून संबंध जोडलेली शस्त्रे संशयास्पदच राहतात. त्या रणभूमीवरील गवत १९८३ मधील वणव्यात जळाल्यावर १९८४ व १९८५ मध्ये तेथे पद्धतशीर उत्खनन झाले. सापडलेल्या गोळ्या व काडतुसे यांवरील खुणांच्या सूक्ष्म तपासणीवरून स्वतंत्र शस्त्रे ओळखता आली आणि सू व शायान योद्ध्यांजवळ अनेक प्रकारच्या बंदुका होत्या हे निश्चित झाले. वस्तूची जागा व तिच्यावरील खुणा अबाधित राहिल्या, तर दंतकथेपलीकडचा इतिहास हाती लागतो, हे या कामाने दाखवून दिले.

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील सवलत, जुन्या बनावटीच्या ज्या शस्त्राचा दुरुस्तीनंतरही अग्निशस्त्र म्हणून उपयोग होऊ शकत नाही त्यासच लागू पडते; केवळ जुनेपणा पुरेसा होत नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ च्या पुरावशेषविषयक अधिनियमातील तरतुदीही लागू होऊ शकतात. घरातील जुने शस्त्र हाती आल्यास ते घासणे, खोलणे किंवा त्याचे भाग बदलणे टाळून प्रथम ते रिकामे असल्याची खात्री जाणकाराकडून करून घेणे आणि त्यासोबतची पेटी, परवाने व पत्रे एकत्र जपून ठेवणे इष्ट होय. शस्त्रापासून कागद वेगळे झाले की, त्या शस्त्राचा इतिहास पुन्हा जुळविणे बहुधा अशक्य होते.